खळग्याचा तळ

मोजपात्रातला द्रव कधीच सपाट नसतो. कडेला तो काचेला धरून केसभर वर चढतो आणि मधे उथळ खळगा पडतो. वाचायचा तो खळग्याचा तळ, कड नाही. आणि वाचताना डोळा रेघेच्या बरोबर समोर हवा. वरून पाहिलं तर माप जास्त दिसतं, खालून पाहिलं तर कमी. म्हणून त्या सकाळी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपुढच्या कट्ट्यावर मोजपात्र ठेवून मी ओल्या मातीत गुडघे टेकले होते.

"एवढं गुडघं देवापुढं टेकलीस तर बाग आपोआप फुटंल," मामा म्हणाले.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. माझ्या सासऱ्यांचं नाव बाळासो. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि तासगाव भागात द्राक्षं नवीन होती तेव्हापासूनची बाग. त्या बागेतली मी सून, मिरजेहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नानंतर दुसऱ्याच हंगामात औषधं मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात लिटर आणि मिलीचं गणित माझ्याइतकं झटकन कोणाला येत नव्हतं. मामांना ते आवडायचं आणि खटकायचंही.

ऑक्टोबरची छाटणी होऊन तिसरा दिवस होता. छाटलेल्या काडीवर जिथून कोंब यायचा त्या जागेला आम्ही डोळा म्हणतो. सगळे डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून त्यांना स्पंजनं औषध लावायचं, याला पेस्टिंग म्हणतात. औषध कमी पडलं तर डोळे मागंपुढं फुटतात, जास्त झालं तर जळतात. कुठल्या काडीला लागलं आणि कुठली राहिली ते कळावं म्हणून त्यात लाल रंग मिसळायचा.

शंभर मिलीचं मोजपात्र मी सहा वेळा भरलं. लिटरला चाळीस मिली, पंधरा लिटरला सहाशे. बादलीत आधी थोडं पाणी, मग औषध, मग पंधराच्या खुणेपर्यंत पाणी. पंधरा लिटर पाण्यात सहाशे मिली नव्हे. सगळं मिळून पंधरा लिटर. हा फरक मी दरवर्षी समजावून सांगायची आणि दरवर्षी मामा म्हणायचे, "पाण्यातच टाकायचं न्हवं शेवटी?"

"पन्नासनं कर," ते म्हणाले. "थंडी लौकर पडलीया."

"नको मामा. चाळीसच पुरे. मागल्या साली पन्नासनं खालच्या ओळीतले डोळे जळाले."

"ते भुरीच्या रोगानं गेलं."

औषधाचा कॅन ज्या पुठ्ठ्याच्या डब्यातून आला होता, तो मी ओढला. डब्यातून माहितीपत्रक काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. पेस्टिंग करणारे तिघं समोर होते: माझा नवरा जयसिंग, आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला असलेला सोपान, आणि सोपानची बायको छबू. हातमोजे घालावेत. डोळ्यांना लागू देऊ नये. काम करताना खाऊ नये, तंबाखू मळू नये. काम केल्यावर काही दिवस मद्य घेऊ नये.

"वैनी, ते माझ्याकडं बघून का वाचताय?" सोपान म्हणाला. "मी सोडून तीन साल झालं. इचारा छबूला."

"तीन साल न्हाई, अडीच," छबू म्हणाली. "आन् मधी एकदा जत्रा."

सगळे हसले. जयसिंगही हसले. मामा हसले नाहीत. "आपल्या दारात तसलं काय नसतं," ते म्हणाले. "वाच पुढं."

पुढं वाचायला काही उरलं नव्हतं. मी कागदाची घडी करून डब्यात ठेवली, आणि तो डबा कट्ट्यावरच राहिला.

दहापर्यंत चार ओळी झाल्या. मी दुसरी बादली कालवायला गेले तेव्हा जयसिंगनी हातमोजे काढून कमरेला खोचलेले दिसले. मनगटापर्यंत हात लाल झाले होते.

"घाला की ते."

"बोटाला डोळा कळत न्हाई त्यात," ते म्हणाले. "काय होतंय? तुझं औषध पातळ तर आहे." आणि ओळीत शिरताना वळून म्हणाले, "कुंदा, उद्या मिरजेला जाऊन येऊ. ईश्वरीला तुझ्या आईकडं सोडू दोन दिवस." ईश्वरी आमची लेक, तीन वर्षांची. माझ्या मनासारखं काही बोलायचं असलं की ते असं मधेच बोलायचे. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी भीतीही वाटली.

साडेबाराला काम आटपलं. "मोटर बघून येतो," म्हणून जयसिंग गेले. एकला जेवायला बसलो, लिंबाखाली. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि थांबले. मग त्यांनी छातीवर हात ठेवला.

"धडधडतंय," ते म्हणाले.

मी वर पाहिलं. कपाळ, गाल, कान, मान, सगळं लाल होतं. मला वाटलं, रंग लागला. घाम पुसताना लाल हात तोंडावर फिरला असेल. मी पदर पाण्यात बुडवला आणि त्यांचं तोंड पुसलं. एकदा पुसलं, दुसऱ्यांदा घासून पुसलं. माझा पदर पांढरा होता. तो पांढराच राहिला.

मग त्यांना ओकारी झाली. उठायला गेले आणि सोपानच्या अंगावर कोसळले.

"औषध लागलं!" मामा ओरडले. "सोपान, गाडी काढ! कुंदा, त्यो कॅन घे, डाक्टर बघाय मागंल!"

मी मोटारीच्या खोलीकडे पळाले. कॅन दारातच होता. तरी मला तिथून बाहेर यायला दोन-तीन मिनिटं लागली. सोपान हॉर्न वाजवत राहिला.

तालुक्याच्या गावी डॉक्टर मगदुमांचा दवाखाना होता, दहा खाटांचा. आमच्या भागात फवारणीचं औषध लागलेली माणसं तिथंच नेत. कंपाउंडरनं माझ्या हातातून कॅन घेतला, डोळ्यांजवळ धरून नाव वाचलं आणि ओरडला, "सर, सायनाइड आहे!"

मामा मटकन खाली बसले. सायनाइड काय ते आमच्या गावात पोरंसुद्धा जाणतात.

"सायनामाइड," मी म्हणाले. माझा आवाज मला वर्गात उत्तर दिल्यासारखा वाटला. "सायनाइड नाही, डॉक्टर. हायड्रोजन सायनामाइड. वेगळं संयुग आहे. पन्नास टक्क्यांचं द्रावण, आम्ही लिटरला चाळीस मिली घेतलं होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कालवलं?"

"हो."

"म्हणजे संहती दोन टक्के."

"हो."

ते आत गेले. दार उघडंच होतं. जयसिंगच्या डोळ्यांत बॅटरी मारून ते बराच वेळ बघत राहिले, मग नाडी धरून घड्याळाकडे. बाहेर आले तेव्हा हातात भरलेली सिरिंज होती, पण ती त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवली.

"फवारणीच्या औषधात बाहुली टाचणीएवढी होते, तोंडाला लाळ येते," ते मला म्हणाले, जणू मी तिथली डॉक्टरच आहे. "यांचं तसं काही नाही. नाडी एकशे चाळीस. हे इंजेक्शन दिलं तर आणखी वाढेल. नाही दिलं आणि विषबाधा तीच असली, तर मी हातानं माणूस घालवला. रक्तदाब नव्वदवर आलाय, उतरतोय." ते मामांकडे वळले. "दारू घेतात का?"

मामा भिंतीला धरून उठले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि माळ बाहेर ओढून दाखवली.

"माळकऱ्याचं घर हाय सायेब."

"मी घराचं विचारत नाही. यांचं विचारतोय."

"माझा पोरगा हाय त्यो. माझ्या सख्ख्या भावानं पिली, त्याला मी हाकलला घरातनं. पंधरा साल झाली, त्याच्या हातचं पाणी घेत न्हाई मी. आन् माझा पोरगा?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅनच्या झाकणाकडे पाहिलं. कंपाउंडर आतून म्हणाला, "सर, ऐंशी." डॉक्टर आत गेले.

आम्ही बाकावर बसलो. सोपान दाराशी उभा राहिला. मामा जमिनीकडे बघत बोलले, इतक्या हळू की आधी मला कळलंच नाही.

"कुटं चुकलीस गं?"

"मामा?"

"आकड्यात कुटं चुकलीस? शिकलेली म्हणून तुझ्या हाती दिलं मी. एक शून्य हिकडं तिकडं झालं असंल. बघ की पुन्यांदा! कागद घे आन् बघ!" त्यांचा आवाज चढला. "माझा पोरगा आत मरतोय आन् तू बसलीयास गप!"

माझ्या हातात केसपेपरची पावती होती. कंपाउंडरकडून पेन मागून घेतलं आणि पावतीच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. चाळीस गुणिले पंधरा, सहाशे. सहाशेचे पन्नास टक्के, तीनशे. तीनशे भागिले पंधरा हजार. दोन टक्के. पुन्हा लिहिलं. कदाचित शंभरचं मोजपात्र सहाऐवजी सात वेळा भरलं असेन? आकडे मी तोंडानं मोठ्यानं मोजले होते, छबूनं माझ्यामागून म्हटले होते. बादलीची खूण? ती मीच खिळ्यानं केलेली, एकेक लिटर ओतून. दोन टक्के. तिसऱ्यांदा लिहिलं.

आयुष्यात मी पुष्कळ गणितं केली आणि दर वेळी उत्तर बरोबर यावं असं वाटायचं. त्या बाकावर बसून मी पहिल्यांदाच मनातल्या मनात हात जोडले, की हे चुकलेलं असू दे. माझी चूक निघू दे. एक शून्य निघू दे. मी नवऱ्याला विष घातलं असं गाव म्हणालं असतं, आणि ते मी घेतलं असतं. कारण गणित बरोबर असलं, तर मला दुसरं काहीतरी बोलावं लागणार होतं.

"बाई, तुम्हाला बोलावतायत," कंपाउंडर म्हणाला.

जयसिंग शुद्धीवर होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन. छाती अंथरुणातून उचलल्यासारखी हलत होती. चेहऱ्यावरचा लाल रंग आता पोटापर्यंत उतरला होता. त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण धरलं.

"अण्णांना..." ते म्हणाले. ते वडिलांना अण्णा म्हणायचे. "नको."

"डॉक्टरांना कळलं तर..."

"शपथ हाय तुला." श्वास पुरेना. "ईश्वरीची."

ती शपथ दोन वर्षांपूर्वीची. ईश्वरी तेव्हा एक वर्षाची होती, झोपली होती. जयसिंगनी माझा हात धरून तिच्या टाळूवर ठेवला होता. माणसं सोडायची शपथ घेतात. त्यांनी स्वतः घेतली नाही, मला घ्यायला लावली, न सांगायची. आणि मी घेतली, कारण तिच्या टाळूखालची नाडी माझ्या तळव्याला लागत होती आणि मला फक्त हात उचलायचा होता.

"सत्तर," कंपाउंडर म्हणाला.

डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. "मिरजेला हलवायचं तर तास जाईल. रस्त्यात काही झालं तर माझ्याकडे उपाय नाही. इथं ठेवायचं तर मला कळायला हवं, मी कशाशी लढतोय. सकाळपासून काय खाल्लं, काय प्यायले, कुठं गेले? आठवा. घाई करा."

मी तोंड उघडलं. आणि त्याच वेळी मामा आमच्या दोघांच्या मधे आले.

"सायेब," ते म्हणाले, "त्या पोरीचं चुकलं न्हाई."

त्यांचे दोन्ही हात जोडलेले होते.

"मी टाकलं. ती दुसरी बादली कालवून ओळी बघाय गेली, तवा मी कॅनमधनं आणिक वतलं वरनं. तीन टोपणं. ती चाळीस म्हणती, मला वाटलं, थंडी हाय, कमी पडंल. माझ्या हातानं वतलं मी." ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती लाली होती. "तुला बोललो मी. माझं मलाच ठावं हुतं आन् तुला बोललो. मीच मारला गं त्याला."

मी कॅनचं टोपण हातात घेतलं. हे मला खरंच सांगायचं आहे, की तेव्हाही मी आधी टोपण पाहिलं. आत तीसची रेघ होती. तीन टोपणं, नव्वद मिली. सहाशे नव्वदचे निम्मे तीनशे पंचेचाळीस. पंधरा लिटर आणि वर थोडं. पावतीवर जागा उरली नव्हती, मी तळहातावर लिहिलं. दोन पूर्णांक तीन.

म्हणजे मामांना हवं होतं तेवढं पन्नासचं मापसुद्धा झालं नव्हतं. आणि पहिली बादली माझी होती, दुसरी त्यांची. दोन्ही बादल्यांत तिघांचे हात होते. मी दाराकडे पाहिलं. सोपान उभा होता. त्याचा एक हातमोजा सकाळीच फाटला होता, तो हात कोपरापर्यंत लाल होता. दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेला चहाचा कप होता, आणि तो चहा फुंकत होता. त्याला काहीही झालं नव्हतं.

दोन टक्के असो, नाहीतर दोन पूर्णांक तीन. शेवटचं दारही बंद झालं.

बाराव्या दिवशी त्या ओळींतले सगळे डोळे एकसारखे फुटले, एकही जळला नाही. पण त्याची वाट बघण्याइतका वेळ त्या दुपारी माझ्याकडे नव्हता.

मामा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना दोष द्यावा म्हणून बघत होते. द्यायला एक शब्द पुरला असता. मी गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. डॉक्टरांनी औषध कडक झालं असं लिहिलं असतं, घराची माळ तशीच राहिली असती, आणि हा म्हातारा उरलेली वर्षं तीन टोपणं मोजत बसला असता. आज मामा नाहीत, म्हणून मी हे लिहू शकते. ते त्या क्षणी जसे उभे होते, तसा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आतून खोकल्याचा आवाज आला, आणि मग खोकल्यानंतर जो श्वास ऐकू यायला हवा तो आला नाही. कंपाउंडर पळाला.

मोटारीच्या खोलीत, फ्यूजच्या पेटीमागं एक बाटली असायची. पहिल्यांदा सापडली तेव्हा मी ती फोडणार होते. फोडली नाही. तिच्या लेबलावर पेन्सिलीनं एक रेघ मारली. मग रोज एक. बाटली संपायची, नवी यायची, मी नव्या लेबलावर रेघा मारायची. चार वर्षं. मी कुणाला सांगितलं नाही, त्यांना अडवलं नाही, भांडले नाही. फक्त गुडघे टेकून, डोळा पातळीत आणून, खळग्याचा तळ वाचत राहिले. मोजणं म्हणजे काहीतरी करणं, असं मला वाटायचं.

त्या दुपारी कॅन दारात असूनही मी आत गेले होते. आदल्या संध्याकाळची रेघ लेबलाच्या मधोमध होती. आता खळग्याचा तळ तिच्या चार बोटं खाली होता.

"डॉक्टर," मी म्हणाले.

ते आत निघाले होते, थांबले.

"मामा, तुमच्या टोपणांनी काही झालेलं नाही. माझंही चुकलेलं नाही." माझा आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. फाटका होता, पण दवाखान्याच्या बाहेरपर्यंत ऐकू गेला असेल. "ते दारू पितात, डॉक्टर. चार वर्षं झाली. आज साडेबारा ते एकच्या दरम्यान प्यायले, साधारण एकशे ऐंशी मिली. हाताला हे औषध लागलेलं असताना. त्यानंच झालंय. मला मघापासून माहीत आहे. मी लपवत होते. यापुढं लपवणार नाही."